माजघराची हिरवी भिंत

माझं लग्न ठरलं त्या वर्षी आमच्या माजघराच्या भिंतीनं रंग सोडला, असं मी नातवंडांना सांगते. पण ते तितकंसं खरं नाही. रंग ती कायमच सोडत होती. कडेगावच्या अलीकडे, ओढ्याच्या वरच्या अंगाला आमचं घर. आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्या लढाईनंतर पलटणीतून सुभेदार होऊन परतले आणि त्यांनी ते बांधलं. खाली घडीव दगड, वर भाजक्या विटा, आतून चुन्याचा गुळगुळीत गिलावा, माथ्यावर मंगळुरी कौलं. गावातली बाकी घरं शेणामातीनं सारवलेली असताना आबांनी माजघराच्या भिंतींना दीड पुरुष उंचीपर्यंत तेलाचा हिरवा रंग दिला होता, बराकीत असतो तसा. सुरुवातीला म्हणे त्यात तोंड दिसायचं आणि बायका मुद्दाम पदर सारखा करायला आत यायच्या. मला समजायला लागलं तेव्हा त्यात कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. न्हाणीच्या बाजूच्या भिंतीवर घामोळ्यासारखे फुगे यायचे, ते फुटायचे, मग रंगाचा पोपडा शेळीच्या कानासारखा लोंबत राहायचा. त्याच्याखाली ओलसर पांढरी भुकटी असे. मी ती चाटून पाहिलेली आहे. खारट लागते.

दर दिवाळीला आबा स्वतः कुंचला घेऊन त्या पोपड्यांवरूनच नवा हात मारायचे. खरवडायचं नाही, पुसायचं नाही, वर रंग चढवायचा. त्यामुळे वर्षावर वर्षं तो थर जाड होत गेला, आणि पडायला लागला की भाकरीएवढा तुकडा एकदम खाली यायचा. आम्हां दोघां भावंडांना त्या लोंबत्या पोपड्यांची फार ओढ. बोटाच्या नखानं हळूच उचलावा, आणि तो सुर्र करून लांबपर्यंत सुटत जावा, यासारखं सुख नाही. पण आबांच्या नजरेला भिंतीची नवी उघडी जागा पडली की ते आम्हांला रांगेत उभं करत आणि हात पुढे करायला लावून नखं बघत. ज्याच्या नखात हिरवं दिसेल त्याच्या पोटऱ्यांवर रूळ बसे. रूळ शिसवीचा होता, काळा, त्यांच्या बगलेत कायम असायचा. माझ्या डाव्या पोटरीवर अजून त्याची खूण आहे. हात लावला की कळते.

आमच्या घराचा दिवस आबांच्या आवाजानं उगवायचा. कोंबडा त्यांच्यानंतर आरवायचा असं गावात लोक चेष्टेनं म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. ते ओट्यावर उभे राहून "उठाऽऽ" म्हणाले की ओढ्यापलीकडच्या विहिरीवर मोट धरणारा गडी बैल थांबवून इकडे बघायचा. त्या आवाजात काय होतं ते मला सांगता येत नाही. त्यांनी हाक मारली की, काही केलेलं नसलं तरी, मी आधी माझी नखं बघायची. आई मात्र त्याआधीच उठलेली असायची. माजघरात त्या भिंतीलगतच जातं होतं. ती दळायला बसे तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहायची. जात्याची घरघर तिच्या मांडीतून माझ्या कानात यायची. हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी, खर्डा, गुऱ्हाळ चालू असलं तर काकवी. त्या घरात खायला कधी कमी पडलं नाही, हे आबांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

पण जातं भिंतीलगत, आणि भिंत ही अशी. एकदा आबांच्या भाकरीत हिरवा पोपडा निघाला. नखाएवढाच. त्यांनी तो बोटावर घेऊन उजेडाकडे धरला, नीट बघितला, ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, "इकडं ये." आई हात पुसत पुढं आली, आणि त्यांनी बसल्या जागेवरून तिच्या कानाखाली अशी चपराक दिली की ती चुलीच्या वैलावर जाऊन पडली. आमटीचं भांडं तिच्या अंगावर कलंडलं. त्या दिवसापासून तिला डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं. आबांनी ती भाकरी बाजूला सारली आणि दुसरी मागितली. तिनं दिली. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. दुसरी भाकरी देताना तिचा हात भाजलेला होता, एवढं मला नेमकं आठवतं.

शिवादादा, माझा एकुलता भाऊ, मोठा होऊन पलटणीत गेला तो आबांच्या हुकमानंच. दुसरी लढाई चालू होती. तो इटलीत होता असं आम्हांला मागाहून कळलं. परत आला तेव्हा उंच आणि वाळलेला होता, आणि बोलत नव्हता. लोक लढाईच्या गोष्टी ऐकायला यायचे, तेव्हा तो गोठ्यात जाऊन बैलांच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसायचा. आबांना त्याचा राग यायचा. "आमी बसऱ्याला दीड वर्स काढलं, येऊन बोललो का न्हाई?" असं ते आल्यागेल्याला विचारत. दादा वर बघायचा नाही. आबा ओरडले की त्याचा उजवा गाल एकट्यानंच उडायचा. ते बघून आबा आणखी ओरडायचे.

माझं लग्न ठरलं कोरेगावच्या घरात. मंडळी मोठी, सासरे शाळाखात्यात होते. लग्न आमच्या दारात व्हायचं, तेव्हा पाहुण्यांच्या बायका माजघरात बसणार. आबांनी भिंतीकडे बघितलं आणि कडेगावहून बाबालालमामांना बोलावून घेतलं. बाबालालमामा रंगारी. मोहरमात ताबुतांची रंगकामं त्यांच्याकडे असायची, एरवी ते दारंखिडक्या आणि बैलगाड्या रंगवत. बुटके, दाढी मेंदीनं लाल केलेली, तोंडात कायम सुपारी. त्यांनी सुटलेले पोपडे पातं घालून काढले, खड्ड्यांत बेलतेल आणि खडू मळून केलेलं लुकण, म्हणजे लांबी, भरली, वर हिरवा हात मारला. भिंत पुन्हा चकचकीत झाली. आबा खूश झाले, मामांना जेवायला बसवलं. आठवडा गेला नाही तोच सगळी लांबी फुगून भिंतीवरून सोलून आली. आबांनी मामांना पुन्हा बोलावलं आणि दारातच त्यांच्या तोंडात मारली. सुपारी उडून अंगणात पडली.

बाबालालमामा गाल चोळत म्हणाले, "सुभेदार, माझंच चुकलं. वरवर केलं. भितीतनं पानी येतंय, त्याला ह्यो तेलाचा रंग भायेर पडू देत न्हाई. समदा रंग काढाय पायजे, पार चुन्यापतोर. आन् पानी कुटनं येतंय ते बगाय पायजे."

"रंग काढायचा न्हाई," आबा म्हणाले. "माझ्या हातचा रंग हाय त्यो. दोन हात आणिक मार. गप बसंल."

मग आबांना सैनिकांच्या कचेरीत काही काम निघालं म्हणून ते साताऱ्याला गेले. मुक्काम पाच-सहा दिवसांचा पडेल म्हणाले. ते ओढा उतरून दिसेनासे झाले तसा दादा गोठ्यातून आला, माजघरात शिरला, आणि भिंतीला तळहात लावून उभा राहिला.  मग नवा हात मारायला आलेल्या मामांना म्हणाला, "मामा, पातं द्या." ते त्याचं कित्येक दिवसांतलं पहिलं धड बोलणं.

ते दिवस माझ्या लहानपणातले सगळ्यांत चांगले होते असं मी म्हटलं तर माझ्या मुलींना पटत नाही. पण तसंच होतं. दादा आणि मामा पात्यानं खरवडायचे, मी सुटलेल्या कडा नखांनी ओढायची. आता कुणी नखं बघणार नव्हतं! काही ठिकाणी रंग आपण होऊन ढलपीसारखा यायचा, काही ठिकाणी दगडासारखा बसलेला. तिथे मामा जळता पलिता धरून तो मऊ करायचे आणि दादा पातं चालवायचा. घरभर जळक्या तेलाचा वास. आमच्या भुवयांवर, भाकरीवर, पाण्याच्या घागरीत हिरवी पूड. आईनं जातं अंगणात हलवलं आणि ती दळताना गाणं म्हणाली. तिला गाणं येतं हे मला ठाऊकच नव्हतं. दादानं न्हाणीची फरशी उकरली, तेव्हा खाली मोरीची खापरी नळी फुटलेली निघाली. इतकी वर्षं सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी भिंतीच्या पायात मुरत होतं. त्यानं नळी बदलली. अंगणातल्या खड्ड्यात कळीचा चुना विरवायला टाकला तो उकळून फसफसू लागला, आणि दादा कडेला उकिडवा बसून त्याच्याकडे बघत हसला. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत, हे मी विसरूनच गेले होते.

परवा सांगलीच्या विश्रामबागेतल्या नातवाच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या भिंतीवर असेच फुगे आलेले बघितले. तो म्हणाला, आजी, रंगवाला उद्या येऊन एक कोट मारणार आहे. मी त्याला म्हटलं, अरे, पलीकडे बाथरूम आहे ना, आधी तिथला नळ बघ. तो हसला.  त्याला काय सांगणार?

आबा सांगितल्यापेक्षा आधी आले. काम झालं नसावं. किंवा साहेब भेटला नसावा. भर दुपार होती. मामा शिडीवर चढून वरची रेघ खरवडत होते, दादा खाली गिलाव्याच्या भेगांवर पाणी मारत होता, मी चुन्याची पाटी घेऊन दारात आले होते. आबा माझ्या बाजूनं आत गेले. मला त्यांच्या बुटांचा आवाज कसा आला नाही हे कळत नाही. ते माजघराच्या मधोमध उभे राहिले. चारी बाजूंनी उघड्या, डागाळलेल्या, पांढुरक्या भिंती.  त्यांनी बगलेतला रूळ हातात घेतला आणि शिडीचा पाय ओढला.

मामा पाठीवर पडले. ते उठायच्या आत आबांनी त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, आडव्या धरलेल्या हातांवर रूळ घातला. मामांच्या कपाळातून रक्त लाल दाढीत उतरलं. दादा मधे गेला. म्हणाला, "आबा, त्यास्नी मारू नगा. मी काडाय लावलं. माजं काम हाय हे."

"तुजं?" आबा म्हणाले. "तुजं काय हाय रं हितं? बापाच्या घराची कातडी सोलतूस?"

आणि ते दादाला मारू लागले. दादानं हात वर केले नाहीत. टाचा जुळवून, हात बाजूला, नजर समोर, असा तो सावधानमध्ये उभा राहिला, आणि आबा त्याच्या खांद्यांवर, मांड्यांवर, कानांवर मारत राहिले. प्रत्येक फटक्याला ओरडत होते. भेकड म्हणाले, खच्ची बैल म्हणाले, लढाईत मेला असतास तर नाव तरी झालं असतं म्हणाले. दादाचा गाल उडत होता. त्याचा कान फाटला आणि गळ्यावरून रक्ताची धार सदऱ्यात गेली. मी पाटी घेऊन तशीच उभी. 

आई अंगणातून आली. "आवं, पुरं करा," ती म्हणाली. "पोरगं मरंल." तिनं त्यांची बाही धरली. असं तिनं जन्मात केलं नव्हतं. आबा वळले आणि वळता वळताच त्यांनी रूळ तिच्या तोंडावर घातला. दात मोडल्याचा आवाज मी ऐकला, सुकी काटकी मोडावी तसा. रक्ताची चिळकांडी खरवडलेल्या भिंतीवर उडाली.

त्यानंतरचं सगळं फार लवकर झालं, पण मला ते सावकाश दिसतं. दादा सावधानमधून हलला. त्यानं आबांचा रूळ काढून घेतला नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यानं दोन्ही हातांनी आबांचा गळा धरला, त्यांना मागे ढकलत नेलं आणि भिंतीला लावलं. मग उचललं. आबांचे बूट जमिनीवरून सुटले. दादाच्या तोंडावर राग नव्हता. काहीच नव्हतं. शेतात काम करताना असतं तसं तोंड होतं, आणि ते बघून मला कळलं की हे त्यानं आधी केलेलं आहे, दूर कुठेतरी, आणि त्याला ते येतं. आबांचे डोळे वर गेले. रूळ खाली पडला. मी पाटी टाकून दादाच्या हाताला लोंबकळले, त्याच्या मनगटाला चावले, रक्त येईपर्यंत चावले. त्याला ते कळलंच नाही. "दादा, सोड! दादा, आबा हायत!" मी ओरडत होते. मामा रांगत येऊन त्याच्या पायाला मिठी घालून बसले. तरी तो सोडीना. आबांच्या घशातून कुईकुई असा आवाज निघत होता, मग तोही थांबला.

कोपऱ्यात गिलावा ठोकायची थापी होती, बाभळीची, जड. आईनं ती दोन्ही हातांनी उचलली. तिच्या तोंडातून रक्त गळत होतं. मला वाटलं ती आबांना मारणार. तिनं दादाच्या खांद्यावर मारली, मानेच्या बाजूनं, सगळ्या ताकदीनं. हाड मोडलं. दादाचा हात सुटला आणि तो गुडघ्यावर आला. आबा भिंतीवरून घसरत खाली बसले आणि घरघर करत श्वास ओढू लागले.

मला वाटलं होतं ती आता आबांना पाणी देईल. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. थापी तिच्या हातातच होती. मोडक्या दातांतून बोलणं नीट येत नव्हतं, तरी तिचा एकेक शब्द मला ऐकू आला. "तुमास्नी न्हाई वाचिवलं म्यां," ती म्हणाली. "माज्या पोराला फासावर चढू दिलं न्हाई. येवडंच ध्येनात ठिवा." मग ती दादाजवळ बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडू लागली. दादाही रडत होता. लहान पोरासारखा, मोठ्यानं.

आरडाओरड गावभर गेली होती. पोलीसपाटील आले. त्यांनी माजघरात एक नजर टाकली: आबा गळा धरून बसलेले, दादाचा खांदा लोंबता, मामांचं डोकं फुटलेलं, आईचं तोंड सुजलेलं. त्यांनी आबांना विचारलं, "सुभेदार, काय झालं?" आबांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसता वारा आला.  तेव्हा आई म्हणाली, "शिडीवरनं पडली."

"कोन?"

"समदीच."

पाटलांनी पुन्हा आबांकडे पाहिलं. आबांनी आईकडे पाहिलं. आणि मग त्यांनी मान हलवली, व्हय म्हणून. पाटील बूट घालून निघून गेले.

दादाला मामांनीच नेलं, स्वतःच्या डोक्याला फडकं गुंडाळून, आधी गाडीतून आणि मग मोटारनं सांगलीला, एका हाडवैद्याकडे. हाड वेडंवाकडं सांधलं. दादा परत आला नाही. तिथेच एका हळदीच्या वखारीत त्याला काम लागलं, पुढे तो मुकादम झाला, लग्न केलं, त्याला मुली झाल्या. आबा असेपर्यंत त्यानं आमच्या गावाची शीव ओलांडली नाही. आई मात्र दरवर्षी हळदीच्या दिवसांत सांगलीला जायची. त्याला पाटावर बसवून त्या वाकड्या खांद्याला तेल चोळायची, तासन् तास. मी एकदा बरोबर होते.  शेवटी दादानं मान मागे टाकून डोळे मिटले, आणि बसल्या बसल्या झोपला.

भिंत मात्र अर्धवट राहिली होती आणि लग्न जवळ आलेलं. मला वाटलं नव्हतं बाबालालमामा पुन्हा आमच्या दारात येतील. पण ते आले. कपाळावर खपली, हातात कुंचले. आबांसमोर उभे राहून म्हणाले, "सुभेदार, पोरीचं लगीन हाय म्हून आलोय. माजं काम हुईस्तवर तुमी आत यायाचं न्हाई." आबा अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते, गळ्याला पंचा गुंडाळून. त्यांनी तोंड फिरवलं. आम्ही तिघांनी, मामा, आई आणि मी, ती भिंत पुरी केली. गिलावा भिजवला, भेगा बारीक चुन्यानं भरल्या, थापीनं दाबल्या. आईचं रक्त उडालं होतं तिथला डाग चुन्याच्या हातातूनही पुन्हा पुन्हा तांबूस वर यायचा. शेवटी मामांनी तेवढा गिलावाच खोदून काढला आणि नवा भरला. आई त्या वेळी बाजूलाच उभी होती. तिनं खाली पडलेले तुकडे सुपात भरले आणि उकिरड्यावर टाकून आली. मग किंचित नीळ घातलेल्या चुन्याचे हात दिले. वाळल्यावर माजघर इतकं उजळलं की आम्ही दारात उभं राहून डोळे मिचकावत राहिलो.

आबांचा आवाज परत आला नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी घशातलं काहीतरी चिरडलंय म्हणून सांगितलं. ते कुजबुजल्यासारखे बोलायचे, तेही जवळ गेलं तर ऐकू येई. त्यांच्या आवाजानं उगवणारा दिवस आता आपला आपण उगवू लागला. त्यांचा हात गेला नव्हता, हात होता. पुढं कधी त्यांनी आईवर तो उचलला का, हे मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "उचलला हुता येकदा. मी थापीकडं बगितलं." आणि हसली, दातांच्या त्या मोकळ्या जागेतून.

लग्न झालं. जेवणं झाली. कोरेगावची मोटार ओढ्याच्या काठी उभी होती, हलगी आणि सनईवाले रिकाम्या रस्त्यावरच पुढं पुढं नाचत होते. मी आईच्या गळ्यात पडून रडले, मामांच्या पाया पडले. मग आबा पुढं आले. पलटणीचा कोट घातला होता, बिल्ले लावले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलू लागले. ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. हलगी-सनईच्या वाजपात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बोलून झाल्यावर ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

कान त्यांच्या ओठांपाशी न्यायला मला एक पाऊल पुरलं असतं. मी वाकून नमस्कार केला आणि मोटारीत जाऊन बसले.